खळ बदलली

माझ्या नणंदेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाई काहीतरी लपवतेय.

लोक बंगल्याचा हेवा करतात, दागिन्यांचा करतात. माझ्या नणंदेकडे यातलं काहीच नाही. एक खोली, एक लाकडी खाट, दोन स्टुलं, आणि बोटांच्या पेरांना कायमची चिकटलेली खळ. ती पुस्तकं बांधते. छापखान्यातून आलेले सुटे कागद घड्या घालून शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि रात्रभर दाबाखाली ठेवायचं, हे काम ती तरुणपणापासून एकाच कारखान्यात करते आहे. लग्न केलं नाही. माझ्या नवऱ्याहून ती बरीच मोठी, त्याला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताई म्हणते. ती मला ‘गोळीवाली’ म्हणते, कारण मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. लाडाने म्हणते, असं नवऱ्याचं मत आहे.

तर वर्षातून तीनदा, क्वचित चारदा, ताईचा सकाळी फोन येतो. नवरा फोन कानाला लावतो, पलीकडून दोन शब्द येतात, ‘खळ बदलली’, आणि फोन बंद. की हा माणूस उठला. दाराची बेल वाजून वाजून थकली तरी जो खुर्चीतून हलत नाही, तो हातातला घास संपवून, चपला घालून तयार. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला आहे. त्या दिवशी कुठल्या इमारतीत कोण का अडकून पडेना, हा संध्याकाळी पाचला हत्यारांची पेटी बंद करून थेट ताईच्या खोलीवर जाणार आणि जेवायच्या वेळेला परत येणार.

खळ बदलली म्हणजे काय, तर ऋतू बदलला. ताई रोज सकाळी कारखान्यात मैदा पाण्यात शिजवून खळ करते. मग चिमटीत घेऊन बोटं उघडते, मिटते, उघडते. थंडीत ती गुठळ्या धरते, उन्हाळ्यात बघता बघता वर साय येते, दमट हवेत छान तार सुटते पण वाळता वाळत नाही. एखाद्या सकाळी कालच्या प्रमाणात केलेली खळ हाताला परकी लागते, आणि ताई समजते की आता पाणी कमी-जास्त करायला हवं. तोच ऋतूचा पहिला दिवस. कॅलेंडर काहीही म्हणो, पेपरात काहीही छापून येवो.

लग्नानंतर पहिल्यांदा हा असा उठून गेला, तेव्हा परत आल्यावर मी विचारलं होतं, “काय करता हो तिथे?”

“काही नाही. ताईची खाट हलवतो. थंडीत खिडकीशी, उन्हाळ्यात आतल्या भिंतीशी, ओल असली की मधोमध.”

“आणि?”

“मग बसतो.”

“आणि?”

“मग येतो.”

“एवढा वेळ लागतो खाट हलवायला?”

“खाट जड आहे गं,” तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

खाटेशी माझं काही भांडण नव्हतं. माझ्या पोटात दुखायचं ते त्याच्या चेहऱ्यामुळे. तिथून येताना तो कुणीतरी घासूनपुसून दिल्यासारखा चेहरा घेऊन यायचा. जिन्यात शीळ घालायचा. दारात थांबून म्हणायचा, “हवा फिरली बघ, वास बदललाय.” याला वास कळायचा! घरात दूध करपलं तरी ज्याला पत्ता लागत नाही, त्याला! मी पडदे बदलले, याने पाहिले नाहीत. केस खांद्यापर्यंत कापले, तर चौथ्या दिवशी म्हणाला, “तुला बरं नाहीये का?” म्हणजे बघणारे डोळे याच्याकडे होते, फक्त ते तो ताईच्या खोलीवर जाताना सोबत नेत होता आणि घरी येताना तिथेच विसरून येत होता. तो चेहरा एकदा, फक्त एकदा, माझ्यामुळे झालेला मला बघायचा होता. एवढंच माझं मागणं होतं, आणि ते मागून मिळणारं नाही हेही कळत होतं, म्हणून तर तिडीक जायची डोक्यात.

मी हातावर हात ठेवून बसले नाही. एकदा फोनवर एक व्हिडिओ पाहिला. गुळगुळीत चेहऱ्याची एक बाई सांगत होती, ऋतूचं सजगपणे स्वागत करा. दिवे मालवा, मेणबत्ती लावा, वाडग्यात सुकी पानं ठेवा, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. मी म्हटलं, हे काय अवघड आहे, आम्हालाही येतं. कॅलेंडरवर लाल शाईने ऋतू सुरू व्हायची तारीख दिलेली होती. त्या दिवशी मी लोकरीच्या शाली काढल्या, मेणबत्ती लावली, रस्त्यावरची पानं झाडून वाडग्यात भरली आणि नवऱ्याला समोर बसवलं. बाहेर अजून अंगाची काहिली होत होती. शालीत तो घामाने निथळला. दीर्घ श्वास घेतला तर पानांवरची धूळ नाकात जाऊन सटासट शिंकला, आणि शिंकेने मेणबत्ती विझली. अंधारात त्याचा आवाज आला, “दिवे केव्हा येणार म्हणाले?”

मी पानं खिडकीतून खाली टाकली. वर शालही टाकणार होते, पण ती आईने दिलेली होती.

मग गेल्या थंडीच्या शेवटी माझं दान पडलं. ताईच्या कारखान्याच्या मालकाने खळ बंद केली. त्याऐवजी डब्यातला तयार पांढरा गोंद आला. शिजवायला नको, ढवळायला नको, झाकण उघडा आणि लावा. बारा महिने तेरा काळ एकसारखा. नवऱ्याने ही बातमी घरी आणली तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, “बरं झालं बाई, ताईंच्या हाताचे कष्ट वाचले.” आणि स्वयंपाकघरात जाऊन गालातल्या गालात हसले.

उन्हाळा आला. फोन आला नाही. टाइल्स तापायला लागल्या, नळाचं पाणी कोमट झालं, पंखा फिरूनही वारा लागेना, तरी फोन नाही. नवरा सकाळी चहा घेताना फोन बशीशेजारी ठेवायचा. वाजला की झडप घालायचा आणि कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टची तक्रार निघाली की मान खाली घालायचा.

“जा की मग तसेच,” मी एकदा म्हटलं. माझ्या बोलण्यात विजयाचा सूर नव्हता असं काही मी म्हणणार नाही.

“बोलावल्याशिवाय कसं जाणार?”

“दर महिन्याला ताईंचं विजेचं बिल भरायला जाता ते?”

“ते वेगळं,” तो म्हणाला. “ते काम असतं.”

उन्हाळा गेला, दमट दिवस आले. कपाटातले कपडे वास मारायला लागले. फोन नाही. आणि एवढं होऊन माझ्या वाट्याला काय आलं? काही नाही! मला वाटलं होतं, तिकडची वाट बंद झाली की ते डोळे आपोआप इकडे वळतील. ते कुठेच वळले नाहीत. तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. पूर्वी वर्षातून तीनदा तरी घरात शीळ ऐकू यायची, आता तीही गेली. तिचा फोन आला की जळायचं, नाही आला तरी जळायचं, म्हणजे माझ्या नशिबी जळणंच. शेवटी एक दिवस दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन मी सरळ ताईच्या कारखान्यात जाऊन थडकले. म्हटलं, विचारावंच, माझ्या नवऱ्याला असं टांगून ठेवण्यात काय मिळतं तुम्हाला?

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला कागदांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी दाब, त्याचं चाक फिरवून फिरवून झिजलेलं. ताई खिडकीशी बसून शिवत होती. समोर पांढऱ्या गोंदाचे डबे ओळीने मांडलेले. जिथे पूर्वी शेगडी होती तिथे फरशीवर काळा गोल डाग उरला होता. मला बघून तिने सुई कागदात टोचून ठेवली.

“गोळीवाली, तू इकडे कशी? बस. ते स्टूल घे, बुटकं नको. तुला उठताना गुडघा धरावा लागतो ना? आणि जिना आडवी होऊन उतरतेस म्हणे हल्ली.”

मी बसता बसता थांबले. गुडघ्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानातून मलम आणायचे ते पर्समध्ये लपवून, कारण दिवसभर लोकांना गुडघ्याची औषधं विकणाऱ्या बाईचा गुडघा दुखावा, हे मला लाजिरवाणं वाटायचं.

“कोण म्हणे?” मी विचारलं.

“दुसरं कोण म्हणणार? तोच. गेल्या थंडीत सांगितलं त्याने.” ताई सहज बोलत होती. “त्याच्या आधीच्या ओलीत म्हणाला, ती आता हसताना तोंडावर हात धरते, बाजूचा दात काढल्यापासून. त्याच्या आधी काय बरं? हां. पूर्वी उभी राहून भांडायची, आता बसून भांडते.”

“तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलता तिथे?”

“अगं, नियमच आहे तो. आमच्या आईचा.” ताईने बोटांवरचा गोंद खरवडला. तो खळीसारखा भुगा होऊन पडला नाही, रबरासारखा सोलून निघाला. “ऋतू बदलला की चपला काढून फरशीवर पाय टेकवून बसायचं. खिडकीत चहाचा कप ठेवायचा, त्याची वाफ थांबेपर्यंत बोलायचं नाही, हवा काय म्हणते ते ऐकायचं. मग एकेकाने घरातल्या माणसात काय बदललं ते सांगायचं. एकच गोष्ट. स्वतःचं नाही सांगायचं. आई म्हणायची, स्वतःचं सांगायला लागलं की गाऱ्हाणं होतं. त्याच्या घरात तू, म्हणून तो तुझं सांगतो. माझ्या घरात कोण आहे? मी त्याचंच सांगते.”

आता इथे एखादी समजूतदार बाई रडली असती. माझा तिळपापड झाला. म्हणजे इतकी वर्षं माझा नवरा मला बघत होता, इंच इंच बघत होता, आणि सगळा माल नेऊन टाकत होता कुठे, तर हिच्या पदरात! माझ्याच गुडघ्याची बातमी मला हिच्याकडून कळावी? माझ्या हसण्याची, माझ्या भांडणाची मालकीण ही?

“मग आता फोन का करत नाही?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ताईने समोरचा डबा उघडला, बोट बुडवलं, चिमटी उघडली, मिटली. “हाताला काही कळतच नाही गं. हा रोज सारखाच. ऋतू बदलला असं मी कशाच्या जोरावर सांगू? उगाच फोन करायचा आणि तो धावत यायचा, ते खोटं झालं असतं.” मग तिने बोट फडक्याला पुसलं. “उन्हाळा सगळा खिडकीखाली काढला. खाट तिथेच राहिली ना.”

दोघं बहीणभाऊ एकाच साच्यातले. याला बोलावल्याशिवाय जायचं नव्हतं, तिला कळल्याशिवाय बोलवायचं नव्हतं, आणि मधल्या मध्ये सगळा उन्हाळा तिने उन्हात भाजत काढला. मी भांडायचे शब्द तयार करून आणले होते. ते तसेच घेऊन परत आले.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुकानात एक बाई आली आणि भेगाळलेल्या टाचांचं मलम मागितलं. तासाभरात दुसरी आली, तिलाही तेच हवं होतं. उन्हाळ्यापासून ते मलम खालच्या फळीवर असतं आणि घामोळ्यांची पावडर वर काउंटरवर. मी वाकून काढलं. दुपारी एक रिक्षावाला आला, ओठ दाखवून म्हणाला, “काहीतरी द्या, हसलं की फाटतात.” मी पुन्हा वाकणार तेवढ्यात गुडघा कळवळला, आणि मी सवयीने करते तेच केलं: पावडरीचे डबे उचलून खाली ठेवले, मलमं वर काउंटरवर मांडली. दर वर्षी मांडते. आणि मांडता मांडता मला एकदम उमजलं की अगं बाई, मी काय करतेय!

मी गल्ल्यामागे जाऊन नवऱ्याला फोन लावला.

“टाचांची मलमं वर घेतली,” मी म्हटलं.

“काय?”

“आज तिसरं गिऱ्हाईक. पावडर खाली गेली. थंडी आली.”

पलीकडे कुठल्यातरी लिफ्टची मोटर घरघरत होती. मग ती थांबली. आता हा काहीतरी बोलेल, माझ्याशी बोलेल.

“ताईला कळवलंस?” तो म्हणाला.

फोन आपटावासा वाटला. पण तो दुकानाचा होता. मी ताईला कळवलं.

संध्याकाळी त्याच्यासोबत मी त्या खोलीवर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी तिथे मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. खाट खिडकीशीच होती, म्हणजे थंडीत जिथे असायला हवी तिथेच. हलवायचं काहीच नव्हतं. तिघेही तिच्याकडे बघत उभे राहिलो. मग नवरा म्हणाला, “वर्षाची धूळ असेल खाली. उचलू या तरी.” त्याने एक बाजू धरली, दुसरी मी धरली. ताई मधे झाडू घेऊन वाकली. झाडून झाल्यावर आम्ही खाट होती तिथेच ठेवली.

खाट खरंच जड होती.

स्टुलं दोनच, म्हणून मी खाटेवर बसले. खुंटीला कपही दोनच, समोरासमोर कान करून टांगलेले; ते बघूनसुद्धा मला टोचलं. ताईने आपला कप मला दिला आणि स्वतः पेल्यात चहा घेतला. नवऱ्याचा कप खिडकीत ठेवला. चपला काढल्या, पाय टेकवले. फरशी गार होती. वाफ वाकडीतिकडी वर जात होती, खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, कुणाची तरी सायकल करकरत गेली. वाफ विरळ होत होत थांबली.

“सांग,” ताई म्हणाली.

नवऱ्याने घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडे बघून म्हणाला, “हल्ली सकाळी फोन वाजला की ती माझ्या आधी बघते. ताईचा आहे का म्हणून.”

मला वाटत होतं, ते फक्त मला माहीत आहे.

“आता तू,” ताई मला म्हणाली. “त्याचं सांग.”

मी तोंड उघडलं. एवढी वर्षं साठवलेलं किती होतं माझ्याकडे! हे जातात केव्हा, येतात केव्हा, शीळ घातली की नाही, वासाचं काय म्हणाले. पण ते सगळं ताईचं होतं. त्याच्यात काय बदललं? मी शोधायला लागले आणि हाताला काहीच लागेना. तो कसा उठतो, कसा बसतो, झोपेत काय करतो? दोघं थांबले होते. मी नवऱ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, दुकानात नवीन गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

“घड्याळ उजव्या हाताला का?” मी विचारलं.

त्याने हात मागे घेतला. “ते होय? उन्हाळ्यापासून. डावं मनगट सुजतं, पाना फिरवून फिरवून. पट्टा टोचतो.”

“उन्हाळ्यापासून?”

“सांगायचं काय त्यात.”

मी ताईकडे वळले. ताईचं तोंड बोलायला उघडलेलं होतं. ते तिने मिटलं आणि पेला तोंडाला लावला. तिला माहीत होतं. बिल भरायला आला असेल तेव्हाच तिने पाहिलं असणार, आणि उन्हाळा, ओल, सगळं उलटून जाईपर्यंत जपून ठेवलं असणार, आजच्यासाठी.

“हेच मी सांगणार होते,” ती म्हणाली. “आता मी काय सांगू? बरं, हे घ्या. गोळीवाली आज पहिल्यांदाच माझ्या घरात आली आणि नाक न मुरडता बसली.”

नवरा हसला. मीही हसले, आणि हसताना हात तोंडाकडे गेला तो मी खाली ओढला. त्याने ते पाहिलं. तो चेहरा, तोच घासूनपुसून दिल्यासारखा, माझ्या अगदी समोर होता, आणि मला तो नीट बघताही येईना, कारण माझी नजर सारखी त्या मनगटाकडे जात होती.

निघताना मी जिना आडवी होऊन उतरले. तो एक पायरी खाली थांबत थांबत पुढे चालला होता. मधूनच वळून बघत होता. ठेवून दिलं असेल पुढच्या वेळेसाठी. तेव्हापासून मीही त्याला बघते आहे. चहा पिताना, बूट घालताना, झोपल्यावर. “काय बघतेस?” असं तो दोनदा विचारून झाला. मी सांगत नाही. एक गोष्ट सापडलीय मला, कानामागची, फार बारीक. पावडरीचे डबे वर यायला अजून बराच वेळ आहे, आणि परवा त्याला ताईकडे बिल भरायला जायचंय. यावेळी बिल भरायला मी जाणार आहे.